गुलाबाईचा खाऊ

पाचोऱ्याच्या एसटी स्टँडवर सातवीतली कोकिळा आणि अभिमन दप्तरं मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या बाकावरच्या प्रमिलाबाई गाडीची वाट बघत होत्या, पण कान पोरांकडेच लागले होते.

"अभिमन, आज आमच्याकडे गुलाबाईची गाणी आहेत. तू येऊ नको."

"का गं? गाणी झाल्यावर डबा हलवला की आतला खाऊ सगळ्यात आधी कोण ओळखतं?"

"तूच. पण आई म्हणते, मोठा झाला आता तो, पोरांमध्ये खेळावं."

"पोरं घेत नाहीत. बायल्या म्हणून हाकलतात."

"त्यांच्यासारखा राहून तर बघ."

"बघितलं ना, अख्खी सहावी. मी आतून मुलगा नाहीच गं. तुला सांगितलंय मी."

"मी कुणाला बोलले का?"

"नाही. म्हणून तर तुझ्याकडे येतो. ओट्यावर बसू? आत नाही येणार."

"नको. आणि आज मागून येणाऱ्या गाडीनं ये. सोबत उतरलो तर आई ओरडेल."

पोरांच्या गावची गाडी लागली. कोकिळा चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

अभिमननं दप्तरातून जेवणाचा डबा काढून कानाशी हलवला.

"काय आहे रे बाळा त्यात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"ओळखा," तो म्हणाला आणि पुन्हा हलवला.

रिकामा डबा वाजलाच नाही.