बोळाकडची खिडकी

बंडू : कुठं पाडू म्हणतोस भोक?

सयाजी : हितं. न्हाणीच्या दारावर. चार विटा काढ, जाळी बसव, मोकळा हो. तासाभराचं काम हाय की.

बंडू : दारावर भोक पाडून हवा कुठनं येणार? तुझ्या पैंजणाच्या कारखान्यातनं. आन कारखान्याच्या खिडक्या तू बारमाही लावून बसतोस. बंद डब्यातनं बंद डब्यात भोक पाडून काय उपेग?

सयाजी : मग ह्या भिंतीत पाड.

बंडू : त्या भिंतीपल्याड शेजाऱ्याची चूल हाय.

सयाजी : गवंडी तू का मी? तूच सांग मग.

बंडू : सांगू? हितं, गिझरच्या समोर. डोक्याच्या वर एक हात. पलीकडं बोळ हाय, मोकळं वारं हाय.

सयाजी : तितं नगं.

बंडू : का नगं?

सयाजी : नगं म्हणलं न्हवं. टाइल फुटत्यात.

बंडू : सून गेली तुझी ह्या न्हाणीत. महिना झाला न्हाय. आन तुला टाइलची पडलीया?

सयाजी : हळू बोल की लेका. सम्राट येईल एवढ्यात, त्याची शिफ्ट सुटली आसंल. रविवारी नातीला आजऱ्यास्नं, तिच्या आजोळास्नं आणायची हाय. पाच वर्साची पोर. ती ह्याच न्हाणीत आंघोळ करणार. म्हणून तर बोलावलं तुला.

बंडू : हुपरीत गवंड्यांचा काय दुष्काळ पडलाय? तुझ्या लेकानं माझ्या नावानं पोलिसांत अर्ज दिलाय. बंडू गवंड्यानं न्हाणीला हवेची वाटच ठेवली न्हाय, म्हणून माझी बायको गुदमरली. त्या अर्जापास्नं मला कुणी पायरी बांधाय बोलवंना. आन तू मलाच निरोप धाडतोस?

सयाजी : तू जुना माणूस. एका बाकावर बसल्यालो आपुन.

बंडू : बाकाचं सांगू नगंस. दुसरा गवंडी आणला असतास तर त्यानं पयला घाव ह्याच भिंतीवर घातला असता. कुणीबी घालंल, बोळाकडची भिंत ही एवढीच. आन टाइलखाली त्याला काय घावलं असतं?

सयाजी : बंडू...

बंडू : खिडकी घावली असती. मी ठिवल्याली. काचपट्ट्यांची, दीड फूट बाय एक फूट. अडीच वर्सं झाली. आन मग त्यो चौकात जाऊन बोलला असता. मला ठावंच हाय, मी नवं काय सांगणार? म्हणून मी पायजे तुला.

सयाजी : व्हय. म्हणून बोलावलं. झालं समाधान?

बंडू : न्हाय. दोन वर्सांमागं हितंच हुबा राहून मला काय म्हणालातास, आठवतंय?

सयाजी : आठवतंय की. खिडकी बुजव म्हणालो.

बंडू : कशापायी?

सयाजी : तुला म्हाईत हाय.

बंडू : तुझ्या तोंडानं ऐकू दे.

सयाजी : कीस उडत हुता. पैंजण घासताना कीस पडतो खाली. बोळातलं वारं खिडकीतनं न्हाणीत, न्हाणीतनं कारखान्यात. सांजच्याला केर भरायला बसलं की निम्मा कीस कोपऱ्याकोपऱ्यात गेल्याला. चांदी हाय ती, बंडू. आमी काय केर बाहीर टाकत न्हाय. हात धुतल्यालं पाणी सुदीक पिंपात धरून ठेवतो. माझ्या आज्ज्यानं कारखान्यात कवा पंखा लावला न्हाय, माझ्या बानं न्हाय. उन्हाळ्यात नुसत्या बनियनवर बसून काढली जिंदगी.

बंडू : तुझ्या आज्ज्याच्या न्हाणीत चुलवण हुतं, आन ते बी परड्यात. गॅसचा गिझर न्हवता.

सयाजी : ते मला काय ठावं?

बंडू : मी सांगितलंतं की! गिझर बोळात टांग, पाइप आत घे, मग खिडकीला काय करायचं ते कर. न्हाय तर खिडकी उघडी ऱ्हाऊ दे. त्यो गॅस जळतो तवा खोलीतली हवा खातो. हवा सरली की इख सोडतो. वास न्हाय, धूर न्हाय, डोळं चुरचुरत न्हाईत. माणसाला गुंगी येती आन त्यो खाली बसतो, बास. हे म्हणलोतो का न्हाय?

सयाजी : म्हणालातास. मला वाटलं, गवंडी काम वाढवून सांगतोय. गिझर बसवाय आल्यालं पोरगं तर कायच बोललं न्हाय.

बंडू : मी न्हाय म्हणून गेलो. मग बुजवली कुणी?

सयाजी : वरसाच्या केरातनं सुनेला, तेजस्वीला पैंजण केलतं, ठावं हाय? गेल्या दिवाळीला. खिडकी बुजवल्यावर केर चांगला निघाला. केर झारेकऱ्याकडनं धुवून घेतला, चांदी आटवली, माझ्या हातानं घडवलं. "आबा, केरातलं पैंजण सगळ्यात भारी वाजतंय," म्हणायची. पायातनं काढलंच न्हाय पोरीनं.

बंडू : सयाजी, कशाला आता...

सयाजी : ऐक की. त्या दिवशी मी ह्या दाराला पाठ करून घासत बसलोतो. आत पैंजण वाजत हुतं. बादली सरकवली का वाजतंय, वाकली का वाजतंय. मग वाजायचं थांबलं. मला वाटलं, डोक्यावरनं न्हातीया, बसली आसंल. मी आनखी दोन जोड घासलं, बंडू. दोन जोड. मग हिनं सैपाकघरातनं हाक मारली, तेजस्वी अजून निघाली कशी न्हाय म्हणून. तवा दार तोडलं.

बंडू : आन मग माझं नाव घेतलंस?

सयाजी : सम्राट विचारत हुता, खिडकी का न्हाय हितं? लोकं जमल्याली. माझ्या तोंडातनं गेलं, बंडूनं ठिवलीच न्हाय. एकदा गेलं ते गेलं. मागं घेता येईना.

बंडू : मला बी एक सांगायचं हाय. गेल्या दिवाळीला तुझ्याकडं फराळाला आलतो. हात धुवाय ह्या न्हाणीत शिरलो. बघितली ही भिंत. टाइलच्या दोन रांगांत पांढरं सिमेंट नवं. कळलं मला. म्हणलं, सणासुदीचं कशाला तोंड वाईट करायचं. तुझ्या सुनेनं चकली वाढली, खाल्ली, गप्प घरला गेलो.

सयाजी : बोलला असतास तर मी ऐकलं असतं व्हय?

बंडू : तुझं जाऊ दे. तिला बोललो असतो. ती शिकल्याली पोर, तिनं ऐकलं असतं. म्हणून मयताच्या दिवशी गप्प बसलो, अर्ज झाला तवा बी गप्प बसलो. आता न्हाय बसत. तुझा लेक समोर असंल तवाच हातोडा मारीन.

सम्राट : काय चाललंय इथं? बंडूकाका, तुम्ही कसे आत आला?

सयाजी : म्या बोलावलं, सम्राट. नात यायच्या आधी हवेला भोक पाडून घ्यावं म्हणलं.

सम्राट : ज्यांनी ठेवलं नाही, त्यांच्याकडून पाडून घ्यायचं? आबा, काय बोलताय तुम्ही? काका, व्हा बाहेर. मला हात उचलायला लावू नका.

बंडू : हात उचल की. हा हातोडा घे. माझ्या डोक्यात घाल न्हाय तर त्या भिंतीत घाल. गिझरच्या समोर, वरनं दुसरी रांग.

सयाजी : सम्राट, थांब. सिलिंडर आत हाय.

बंडू : सिलिंडर मी आल्याआल्या बाहीर काढून ठिवलाय. सयाजी, अजून बी येळ हाय. तू सांगतोस, का भिंतीला सांगू दे?

सम्राट : काय सांगायचंय? आबा?

सयाजी : टाइल फुटत्यात, सम्राट.

सम्राट : द्या इकडं हातोडा.

(चार घाव. टाइलचे तुकडे खाली पडतात.)

सम्राट : पत्रा आहे आत. पत्रा नाही... चौकट आहे. काका, ही खिडकी आहे. काचा पण आहेत अजून.

बंडू : सहा काचपट्ट्या. मोज.

सम्राट : मग बुजवली कोणी? तुम्ही?

सयाजी : म्या.

सम्राट : कधी?

सयाजी : न्हाणी बांधली तवा तू परगावी कामाला हुतास, तू परतायच्या आदीच बुजवली. उरल्याल्या टाइल माळ्यावर हुत्या. तुझ्या आईनं सिमेंटात पाणी ओतलं. टाइल हातात द्यायला तेजस्वी हुबी हुती. "आबा, सरळ लावा, वाकडं दिसंल," म्हणत हुती.

सम्राट : अर्जावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे.

सयाजी : हाय.

सम्राट : मी यांना चौकात आईवरनं शिव्या घातल्या. तुम्ही शेजारी उभे होता. माझ्या खांद्यावर हात होता तुमचा.

सयाजी : व्हय.

बंडू : सम्राट, ते अर्जाचं मागनं बघू. आधी विटा काढ. जपून, काच लागंल. ही खिडकी आता कुणीबी लावायची न्हाय, थंडी असू दे, पाऊस असू दे. गिझर मी आजच उतरवतो, बोळात टांगतो, सिलिंडर बी तिकडंच. आन पोरीला शिकवा. आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळीला बसायचं. आतनं कडी लावू द्यायची न्हाय तिला. ऐकतोस न्हवं?

सम्राट : ऐकतोय. बादली भरायची. गिझर बंद करायचा. एवढंच होतं, काका?

बंडू : एवढंच.

सयाजी : सम्राट, मला बोल की रं काय तर. शिव्या घाल. बंडूला घातल्यास तशा घाल.

बंडू : ती खालची वीट ओढ. हां. निघाली. वारं आलं बघा आत.

सयाजी : सम्राट...

सम्राट : आबा, बाहेर जावा. कारखान्यात कीस उघडा हाय तुमचा. उडाय लागलाय. झाका जावा.