मल्टिप्लायर गप्प बसला तो दिवस

आदरणीय अध्यक्ष भाऊसाहेब, मंचावरचे पाहुणे, आमच्या नोएडाच्या मराठी मंडळाचे सभासद, आणि मागून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाकडे नाक लावून बसलेल्या बंधू-भगिनींनो, शेवंताआजीचा नमस्कार.

माझी नात कादंबरी उद्या बंगळुरूला निघाली. तिनं तपासलेला मल्टिप्लायर उपग्रहावर चढणार आहे! सूनबाई वासंती म्हणाली, "आई, दोनच मिनिटं हं." माझी शाळा चौथीपर्यंत. घड्याळ कळतं, पाळत नाही.

मल्टिप्लायर म्हणजे काय? विजेचा भार असलेला एक कण आत आपटला की दोन-तीन इलेक्ट्रॉन उडतात. ते पुढे आपटून आणखी उडवतात, आणि शेवटी लाखोंचा लोंढा. आमच्या सोसायटीत एकीच्या कानात काही सांगून बघा, तस्संच!

तर खंडेनवमीला भाऊसाहेबांनी, म्हणजे कादंबरीच्या साहेबांनीच, प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा केली. करावीच. पण ज्या पेटीतली हवा काढून मल्टिप्लायर तपासतात, तिच्या तोंडाच्या कडेलाही हळदकुंकवाची बोटं ओढली. पुढे तपासणी लागली. कणांची वाट बंद ठेवली, म्हणजे आकडा शून्याच्या आसपास हवा. हा मात्र मोजतच सुटला! चोर नाही, चाहूल नाही, आणि कुत्रं भुंकतंय. दुसरा बसवला, तोही तसाच. भाऊसाहेबांचा निकाल तयार: "माल खराब. सगळाच परत पाठवा." आता नवा येईपर्यंत उपग्रह थांबणार होता का?

कादंबरीनं पेटीत भिंग लावून पाहिलं, तर हळदीचे कण! कुत्रं भुंकत होतं ते यांच्यावर. घरी येऊन रडकुंडीला. "आजी, सरांना कसं सांगू यार? माझं कंत्राट त्यांच्याच सहीनं वाढतं."

"मी तुझी यार नाही," मी म्हटलं. "देवीला हळद पेटीबाहेर लावलेली चालते. एवढंच सांग."

सांगितलं हो तिनं! भाऊसाहेब, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, हे मला कळलेलं आहे. पाहुण्यांनो, हसू नका. कारण हे गृहस्थ "दाखव" म्हणाले, वाकून पाहिलं, हातमोजे चढवले आणि पेटी स्वतः पुसून काढली. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "माल चांगला होता. घाण मी केली." एवढी शिकलेली माणसं असं बोलतात? मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच मालातला तिसरा मल्टिप्लायर बसवला आणि घरी फोन. "आजी, गप्प आहे! बिल्कुल गप्प!" कुणी गप्प बसल्याचा इतका आनंद आमच्या घरात कधी झाला नव्हता. फोन चालूच. मग कणांची वाट उघडली आणि पोरगी किंचाळली, "धावला! आकडा धावला!" वासंतीची पोळी तव्यावर कोळसा झाली, मी चकार शब्द काढला नाही.

कादंबरी, तिकडेही मोठी माणसं असतील. चुकलं की तोंडावर सांग. सगळेच काही भाऊसाहेब निघणार नाहीत, तरी सांग.

मंडळानं म्हातारीला माईक दिला, आभार. बोलण्यात काही खोटं आलं असेल तर पोटात घाला. खरं लागलं असेल, तर त्याला माझ्याकडे औषध नाही.