वरून टणक

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर डंपरवाल्याची बायको आणि तिचा थोरला भाऊ बसले होते. भाऊ तिच्या नवऱ्याच्याच खाणीवर रोलर चालवायचा. बाकावर शेजारी बसलेल्या एका मावशींनी डोळे मिटले होते, कान मात्र उघडे होते.

“दादा, यांच्या डंपरखाली भरावाची कड खचलीच कशी? रोलर तूच फिरवलास ना?”

“फिरवला गं. वरून अगदी टणक होता भराव.”

“आणि खाली?”

“थराथराने पाणी मारून दाबायचा असतो. पण पाण्याचा टँकर रस्त्यावरची धूळ बसवायला नेला. साहेब येणार होते.”

“म्हणजे साहेबांच्या गाडीला धूळ नको, म्हणून माझा नवरा मातीखाली सापडला आणि खालचा ओढा गाळाने बंद झाला. आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास.”

“हळू बोल. उद्या उकरून पुन्हा नीट दाबतो.”

“उद्या? आत्ता त्या कडेवर कोण आहे?”

“दुसऱ्या पाळीचे डंपर.”

“मग लाव फोन.”

“मुकादम काढून टाकेल मला.”

“टाकू दे. आणखी कुणाच्या बायकोसाठी मी या बाकावर सरकून बसणार नाही.”

भावाने फोन लावला.

“मुकादम, गाड्या थांबवा. भराव खालून भुसभुशीत आहे. हो, खात्रीने सांगतो. मीच केलाय.”