दहावं मूल

वाचनालयात पुस्तक परत करायच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक आजोबा होते.

“ग्रंथपालबाई, आज गोष्टींचा तास आहे ना?”

“शेवटचा, आजोबा. दहा मुलं भरली नाहीत तर समिती तो बंद करणार. नऊच आलीत.”

“मग दहावा मी.”

“अहो, बारा वर्षांपर्यंतच घेतात!”

“समिती काय दात मोजायला येणार आहे?”

“मोजले तरी आठच निघतील.”

“मग वय आठ लिहा.”

“आणि गेल्या वेळी घोरलात, त्याचं काय?”

“समितीसुद्धा बैठकीत घोरते. तिला कुणी बंद केलं?”

ग्रंथपालबाईंनी अर्ज पुढे सरकवला. “पालकांची सही लागेल.”

आजोबा मागे वळले. “आई, सही कर ना गं!”

शिंपीणबाईंनी पुस्तक काखेत मारलं आणि सही ठोकली.

“घोरलास तर कान धरून घरी नेईन.”