माऊसवरचा हात

पाळण्याची कडी कुरकुरली आणि दुपारची शांतता मोडली. करुणानं बाळाला थोपटलं. बाहेरच्या खोलीत सासूबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या आणि छोटी राणी त्यांच्या गुडघ्याला चिकटून उभी होती. कॉम्प्युटरचा आवाज गेला होता; करुणाचा नवरा भूषण तो पुण्याहून इंटरनेटवरून दुरुस्त करत होता. फोन स्पीकरवर होता.

“माय, ‘परवानगी द्या’ आलं न्हाई का? ते दाब.”

“दाबलं. अगं बाई, पडद्यावरचा बाण आपोआप पळून राहिला!”

“मीच पळवून राहिलो. तू माऊस सोड.”

“सोडला की.”

“कुठं सोडला? मी इकडं नेतो, तू तिकडं ओढून राहिली.”

“नुसता हात ठेवला रे. तू तिथून हलवतो, म्हंजे हा तुझाच हात ना?”

“माय, ड्युटीची गाडी येऊन राहिली. काढ बरं.”

“घे, काढला. जेवला का?”

“जेवलो. आता आवाज येते का?”

“येते, येते! बराबर येते.”

“मग झालं. बंद करतो.”

“थांब जरा. अजून थोडा हलव तो बाण.”

“काहून? आता काय बिघडलं?”

“काही न्हाई बाबा. तू घरात हिंडल्यावाणी वाटते.”

करुणा दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर बाण सावकाश, गोल गोल फिरत होता.

राणीनं मागं वळून पाहिलं.

“मम्मी, पप्पाचा हात येते, मग पप्पा काहून येत न्हाई?”