सहा जणांची सभा

आलापल्लीच्या बसथांब्यावर धुरपताबाई दोघा कार्यकर्त्यांच्या मागे उभ्या होत्या.

“प्रफुलभाऊ, सरकार आपल्या पक्षाचं, अन् जिल्हाध्यक्षपद तुमच्या एका मतावर अडलं. दोन म्हाताऱ्यांतून कोणाले देता?”

“काल देवाजीभाऊ आले. स्वतःची आजवरची सारी पदं मोजून गेले.”

“अन् मारोतराव?”

“आमच्या आंगणातल्या मोहाच्या झाडाकडं पाहून म्हणे, माझी पहिली सभा इथीच झाली. चाळीस वर्षं झाली. ऐकाले सहाच जण होते. साहीची नावं सांगतली.”

“साहीची?”

“शेवटची धुरपता. तिनं ताक पाजलं म्हणे. मी तं त्याहीलेच मत देतो.”

धुरपताबाईंनी खांबाला हात टेकला.

“ताक नव्हतं, बाबू. आंबील होती,” त्या हळूच म्हणाल्या. “पण नाव अजून ध्यानात हाय त्याहीच्या?”