तक्त्यातला विश्राम

हेमा : बरं झालं आलात भावोजी. चार दिवस आम्ही खाली बसून जेवतोय, आणि जेवणाच्या टेबलावर यांची बटणांची लढाई. आता तुम्हीच सांगा तुमच्या मित्राला.

विश्राम : वहिनी, मी बसायला नाही आलेलो. माझी लाल बटणं न्यायला आलोय. वागळे इस्टेटच्या कारखान्यातनं मीच आणलेली ना, रिजेक्ट मालातली.

उत्तम : ने. पण लढाई संपल्यावर. तुझं लाल बटणांचं घोडदळ आत्ताच टेकडीवर चढतंय.

विश्राम : माझं? चार महिने मी या घरात पाऊल ठेवलं नाही. खेळतंय कोण?

हेमा : फासा. हे नेपोलियन, समोर रिकामी खुर्ची. लुडोचा फासा टाकायचा, भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं, शत्रू काय करतो ते. आणि मग शत्रूवरच चिडायचं. सकाळी फाशाला बिनडोक म्हणाले.

उत्तम : आहेच. पूल मोकळा असताना कोणी थांबतं का?

विश्राम : बघू तो तक्ता. ‘एक : समोर खड्डा असला तरी घोडदळ सोडतो. दोन : तोफा विसरतो, चहा मागतो.’ अरे, हा तर मी आहे.

उत्तम : अकरा वर्षं तुझ्याशीच खेळलो. दुसऱ्या कोणाचं लिहू?

विश्राम : ‘तीन : माघार घेतो.’ हे साफ खोटं.

उत्तम : गेल्या गणपतीच्या सुट्टीत. दोनदा.

हेमा : झालं यांचं सुरू.

विश्राम : आणि तुझं काय? ‘हरायला लागला की चाल परत घेतो’, ते लिही ना. त्यावरनंच उठून गेलेलो मी.

उत्तम : आता नाही घेत. तू ओरडायचास, म्हणून मीही हट्टाला पेटायचो. फासा काही बोलत नाही. त्याच्यासमोर लाज वाटते.

विश्राम : हे शेवटचं काय? ‘सहा : विश्राम चिडून घरी जातो. लढाई रद्द.’

हेमा : सहा पडला की हे फासा पुन्हा टाकतात. मी बघितलंय.

उत्तम : हेमा, तू चहा टाक.

विश्राम : आणि परत येतो, ते कुठल्या आकड्यावर?

उत्तम : सहाच बाजू असतात रे फाशाला. कुठे लिहू?

(विश्राम रिकामी खुर्ची ओढतो.)

विश्राम : काढ तो तक्ता भिंतीवरनं. माझ्या चुका माझ्या मी करीन.